ती टिक राहू द्या की!

"नेट स्लो चालतंय? अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, आयपीव्ही६ ची टिक काढ, ओके कर. झालं!"

मंडळी, हा सल्ला तुम्ही एकदा तरी ऐकला असणार. ऑफिसातल्या सपोर्टवाल्याकडून, हॉस्टेलच्या रूममेटकडून, नाहीतर घरी फायबर जोडायला आलेल्या पोराकडून. सर्दीला हळद-दूध तसं नेटला आयपीव्ही६ बंद. फरक एवढाच की हळद-दुधाने नुकसान तरी होत नाही.

या वीकांताला लिहायचा मुद्दा सरळ आहे. तुमच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर, घरच्या राउटरवर आयपीव्ही६ चालू असेल तर चालू ठेवा. कोणी बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. हे मी तंत्रज्ञानाच्या हौसेपोटी सांगत नाहीये. संगमनेरसारख्या गावातून नेट वापरणाऱ्या माणसाचं यात खरंखुरं काहीतरी पणाला लागलेलं आहे, म्हणून सांगतोय.

आधी थोडा हिशोब

आपण वर्षानुवर्षं वापरतोय ते आयपीव्ही४. त्याचा पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे जगात मिळून जास्तीत जास्त ४२९ कोटी पत्ते. १९८१ साली हा प्रोटोकॉल कागदावर पक्का झाला, तेव्हा हा आकडा न संपणारा वाटला असेल. पण ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचं कोठार त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला गेलं. बाकीच्या खंडांच्या बरंच आधी, कारण गर्दी इथेच जास्त!

आता वाटणी बघा. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून जास्त पत्ते आहेत. एमआयटी या एकट्या विद्यापीठाकडे एकेकाळी १ कोटी ६७ लाख पत्ते होते. २०१७ मध्ये त्यांनी त्यातला मोठा हिस्सा विकायला काढला. आणि अख्ख्या भारताकडे? सुमारे ४ कोटी. इंटरनेटचे ग्राहक मात्र नव्वद कोटींच्या पुढे. पंगतीला उशिरा आलो म्हणून वाढप्याने पातेलं उलटं करून दाखवावं, तसा प्रकार.

आणि हे फक्त देशाच्या पातळीवर नाही. समजा उद्या तुमच्या-माझ्यातल्या कोणी संगमनेरात स्वतःची इंटरनेट कंपनी काढायची ठरवली. फेब्रुवारी २०१९ पासूनच्या नियमानुसार नव्या सदस्याला आयपीव्ही४ चे जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. पाचशे बारा! घुलेवाडीच्या दोन-चार सोसायट्यांतच संपतील. बाकीचे बाजारातून विकत घ्या नाहीतर भाड्याने घ्या. भाड्याचा अंदाज हवा असेल तर अॅमेझॉनच्या क्लाउडचं बिल काढून बघा: १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो. महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास, एका पत्त्याचे.

आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. आकडा लिहीत बसत नाही, ३४ च्या पुढे सदतीस शून्यं लागतील. एवढंच लक्षात ठेवा की एका घराच्या एका नेटवर्कला जो साधा हिस्सा मिळतो, तेवढ्यात आजचं संपूर्ण आयपीव्ही४ इंटरनेट ४२९ कोटी वेळा मावतं.

"द्वारा" चा पत्ता

मग इतकी वर्षं काम चाललं कसं? जुगाडावर. पूर्वी गावाकडच्या पत्रांवर पत्ता असायचा, "द्वारा अमुक किराणा स्टोअर्स". पत्र दुकानात यायचं, दुकानदार पोचतं करायचा. घरचा वायफाय राउटर हेच करतो. बाहेर एक पत्ता, आत टीव्ही, चार मोबाईल, दोन लॅपटॉप. याला नॅट म्हणतात. इथवर ठीक होतं.

पत्ते संपल्यावर इंटरनेट कंपन्यांनी स्वतःच्या बाजूला अजून एक दुकानदार बसवला. आता तुमच्या राउटरलाही खरा पत्ता नाही, "द्वारा" च्या आत अजून एक "द्वारा". याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर समजा की बाहेरच्या जगात तुमचं स्वतःचं दार नाही. तो गठ्ठा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलेला आहे.

यूट्यूब बघायला, बिल भरायला यातलं काही आडवं येत नाही. म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पण बाहेरून आत यायचं म्हटलं की गाडी अडते. दुसरं म्हणजे गल्लीतल्या चाळीस घरांचा बाहेरचा पत्ता एकच. त्यातल्या एकाच्या पीसीत व्हायरस शिरून त्याने स्पॅम पाठवायला सुरुवात केली, की शिक्षा चाळीसही घरांना. "तुम्ही रोबो आहात का?" असं विचारणारी ट्रॅफिक सिग्नलची चित्रं सारखी येतात ना, त्यामागे कित्येकदा हेच असतं.

एक उदाहरण देतो. संगमनेरातला माझा एक शाळासोबती दूध संकलन केंद्रांसाठी छोटं सॉफ्टवेअर चालवतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचं पेमेंट असलं सगळं. मशीन त्याच्या दुकानात, कनेक्शन गावातल्याच एका ऑपरेटरचं. त्याला पुण्यात असताना दुकानातल्या मशीनवर यायचं होतं. पोर्ट फॉरवर्डिंग करून बघितलं, काही हलेना. हलणार कसं, सीजीनॅट! स्टॅटिक आयपी घ्यायचा तर दर महिन्याला वेगळे पैसे. दुसरा मार्ग म्हणजे कुठल्यातरी परक्या कंपनीच्या रिमोट अॅपवर सगळं सोपवायचं. ती उद्या फुकट प्लॅन बंद करेल तेव्हा शेतकऱ्यांच्या हिशोबाचं काय?

गंमत म्हणजे त्या ऑपरेटरने आयपीव्ही६ दिलेलं होतं. राउटरवर येतही होतं. पण दुकानात पीसी बसवणाऱ्याने "स्पीडसाठी" म्हणून विंडोजमधली टिक काढून ठेवली होती. टिक लावली, फायरवॉलमध्ये एकच पोर्ट, तेही नीट पासवर्ड आणि एनक्रिप्शनसकट उघडलं, पत्ता बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएस लावलं. त्याच्या मोबाईलच्या डेटावर आयपीव्ही६ होतंच. पुण्यातून थेट दुकानात! मधे कोणी दुकानदार नाही, भाडं नाही.

तो म्हणाला, "अरे, हे एवढं एका टिकवर अडलं होतं?"

हो, एवढंच.

निळवंड्याचं पाणी

आमच्या भागातल्या लोकांना हे समजवायला निळवंड्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. धरणाची कल्पना १९७० ची. कालव्यासाठी लोकांच्या पिढ्या गेल्या. ३१ मे २०२३ ला डाव्या कालव्यात पहिल्यांदा चाचणीसाठी पाणी सोडलं गेलं, आणि २६ ऑक्टोबरला त्याचं लोकार्पण झालं. ८५ किलोमीटरचा कालवा, १८२ गावं, खर्च ५१७७ कोटींच्या घरात. आता कल्पना करा, इतकं होऊन पाणी बांधापाशी आलं आणि शेतकऱ्याने "नको, विहिरीवर भागतंय" म्हणून आपल्याच चारीचं गेट लावून घेतलं. लोक काय म्हणतील त्याला?

आयपीव्ही६ चा कालवा काही कमी रखडलेला नाही. प्रोटोकॉल डिसेंबर १९९८ मध्येच लिहून झाला होता. आपल्या दूरसंचार खात्याने पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये काढला, दुसरा मार्च २०१३ मध्ये. ३० जून २०१४ नंतरचं प्रत्येक नवं घरगुती वायरलाईन कनेक्शन आयपीव्ही६ पेलणारं असावं, असं त्यात होतं. मग सरकारी रिवाजाप्रमाणे मुदती पुढे गेल्या. खरं पाणी आलं ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे. त्यांना कोट्यवधी नवे ग्राहक एकदम घ्यायचे होते आणि तेवढे जुने पत्ते जगात कुठे शिल्लकच नव्हते. त्यामुळे त्यांनी आयपीव्ही६ वरच मांडणी केली, मग बाकीचेही आले. आज गूगलच्या मोजमापात भारतातला आयपीव्ही६ चा वापर सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. जगात अगदी वरच्या रांगेत आहोत आपण. एरवी आपण कुठल्या यादीत वर असलो की स्टेटस टाकतो, हे मात्र कोणाला माहीतच नाही :-)

म्हणजे धरण झालं, कालवा झाला, पाणी गावात आलं. शेवटचं गेट आपल्या लॅपटॉपमध्ये आहे.

पण हा सल्ला आला कुठून?

उगाच नाही आला, हे मान्य करायला पाहिजे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यात आयपीव्ही६ आपोआप चालू होतं. तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांकडे ते नव्हतंच. मग विंडोज बोगदे काढून जायला बघायचं आणि ते बोगदे कुठेतरी अर्ध्यात बुजलेले असायचे. ब्राउझर आधी आयपीव्ही६ ने प्रयत्न करायचा, वीस-वीस सेकंद वाट बघायचा, मग जुन्या रस्त्याने जायचा. अशा वेळी टिक काढली की नेट खरंच पळायचं. सल्ला तेव्हा बरोबर होता.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. एक, ते बोगदे निकालात निघाले. दुसरी जास्त महत्त्वाची. एप्रिल २०१२ मध्ये "हॅपी आयबॉल्स" नावाची पद्धत आली, डिसेंबर २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पद्धत आपल्या ओळखीची आहे. संगमनेर स्टँडवर नाशिकला निघालेलं कुटुंब काय करतं? एक जण एसटीच्या रांगेत उभा राहतो, दुसरा हायवेवर काळी-पिवळी बघायला जातो. जे आधी मिळेल त्यात बसायचं. आजचे ब्राउझर तसंच करतात. आयपीव्ही६ ला किंचित आघाडी देतात, साधारण पाव सेकंद, आणि तेवढ्यात जोडणी झाली नाही तर आयपीव्ही४ लाही पाठवून देतात. त्यामुळे आयपीव्ही६ बिघडलेलं असलं तरी वीस सेकंद खोळंबा होत नाही.

औषध जुनं, रोग गेलेला, पण चिठ्ठी अजून फिरतेय. असो.

बंद केल्याने नेमकं काय बिघडतं?

खरं सांगायचं तर लगेच काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही सवय जात नाही. पण आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी ही यादी वाचण्यासारखी आहे.

मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की व्हिस्टापासून पुढे आयपीव्ही६ हा विंडोजचा आवश्यक भाग आहे, बंद करू नका, केलंत तर काही भाग चालणार नाहीत. आयपीव्ही४ ला आधी प्राधान्य द्यायचं असेल तर त्यासाठी वेगळी सेटिंग आहे, ती वापरा. लिनक्सवरही तसंच, त्यासाठी साधी एक फाईल असते. प्राधान्य बदलणं आणि गळा दाबणं यात फरक आहे.

लिनक्स सर्व्हरवर कर्नेलमधूनच आयपीव्ही६ काढलं, आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही पत्त्यांवर ऐकायची ओळ असली, की तो सुरूच होत नाही. रात्री दोनला रीबूट झाल्यावर हे कळतं. मग वॉर रूम, मग आरसीए, मग मॅनेजरचा चेहरा.

डेव्हलपर मंडळींना ऑक्टोबर २०२१ आठवत असेल. नोड १७ आलं आणि कालपर्यंत चालणारं लोकलहोस्ट "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणायला लागलं. कारण साधं होतं. नोडने डीएनएसच्या उत्तरांचा क्रम बदलायचं सोडून दिलं, त्यामुळे लोकलहोस्ट म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता आधी यायला लागला, आणि आपले सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकत बसलेले. तेव्हा अर्ध्या जगाने आयपीव्ही६ ला शिव्या घातल्या. चूक मात्र आपल्या गृहीतकांची होती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुमच्या अॅपचे भारतातले बहुसंख्य वापरणारे आयपीव्ही६ वर आहेत, आणि तुम्ही ते बंद करून कोड लिहिताय, टेस्ट करताय. मग डेटाबेसमध्ये आयपी पत्त्याचा कॉलम १५ अक्षरांचा राहतो, आयपीव्ही६ चा पूर्ण पत्ता ३९ अक्षरांचा असतो. लॉगमध्ये अर्धवट पत्ते पडतात. फसवणूक पकडायची सिस्टीम एकाच माणसाला दर काही तासांनी नवा समजते, कारण फोन आपला पत्ता मधूनमधून बदलतो. आयफोनवाल्यांना हे आधीच कळलं. अॅपलने १ जून २०१६ पासून अट घातली की अॅप निव्वळ आयपीव्ही६ च्या नेटवर्कवर चाललं पाहिजे, नाहीतर स्टोअरमध्ये घेणार नाही. बाकीच्यांना अशी काठी कोणी उगारली नाही, म्हणून आपण निवांत.

लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावता तेव्हाही विचार करा. बऱ्याच मोबाईल नेटवर्कवर फोनला आतून आयपीव्ही६ च मिळतं. लॅपटॉपने ते नाकारलं तर प्रत्येक पॅकेट फोनमध्ये कपडे बदलतं, कंपनीच्या यंत्रात पुन्हा बदलतं, मग बाहेर पडतं. पोचतं, नाही असं नाही. पण सरळ रस्ता असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

"पण सिक्युरिटी?"

हा प्रश्न रास्त आहे, झटकून टाकण्यासारखा नाही.

१३ ऑगस्ट २०२४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आयपीव्ही६ च्या कोडमधलं एक भयंकर भोक बुजवलं. गांभीर्य १० पैकी ९.८, वापरणाऱ्याने कुठेही क्लिक करायची गरज नाही. ज्यांचं आयपीव्ही६ बंद होतं त्यांना त्याचा धोका नव्हता, हेही खरं. "बघा, आम्ही सांगत होतो!" असं म्हणणाऱ्यांना त्या आठवड्यात फार बरं वाटलं. पण मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. तो आयपीव्ही४ वरूनच जगभर पसरला, त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. तेव्हा आयपीव्ही४ बंद करा असं कोणी म्हणालं का? उपाय पॅच लावणं हाच होता. इथेही तोच आहे.

दुसरी भीती, नॅट गेलं की घर उघडं पडेल. नॅट हे कुलूप नाही, तो नुसता आडोसा आहे. कुलूप म्हणजे फायरवॉल, आणि ती आयपीव्ही६ ला पण असते. राउटरमध्ये ती चालू आहे ना, एवढं मात्र डोळ्याने बघा. स्वस्तातल्या राउटरवर विश्वास ठेवू नका.

तिसरी, पत्त्यावरून माग काढता येईल ही. सुरुवातीच्या पद्धतीत पत्त्यामध्ये कार्डाचा मॅक क्रमांक यायचा, ही भीती तेव्हा खरी होती. आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळे ठरावीक काळाने बदलणारे तात्पुरते पत्ते वापरतात.

चौथी, व्हीपीएन. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ सांभाळतात आणि आयपीव्ही६ बाजूने निसटतं. ऑफिसने त्यासाठी बंद करायला सांगितलं असेल तर ऑफिसच्या मशीनवर मुकाट्याने करा, पॉलिसी ती पॉलिसी. पण आयटी टीमला एक मेल जरूर टाका की व्हीपीएन दुरुस्त कधी करताय. घरच्या मशीनला ती पॉलिसी लागू नाही.

बिघाड शोधताना पाच मिनिटं बंद करून बघायलाही माझी हरकत नाही. डॉक्टरही गोळी थांबवून बघतो. पण फरक पडला तर कारण शोधा: राउटरचं फर्मवेअर, डीएनएस, नाहीतर ऑपरेटरकडचा घोळ. आणि टिक परत लावा.

मग करायचं काय?

तीन कामं, दहा मिनिटं. लॅपटॉपमधली ती टिक लागलेली आहे का बघा. राउटरमध्ये आयपीव्ही६ आणि त्याची फायरवॉल दोन्ही चालू आहेत का बघा. मग कुठलंही आयपीव्ही६ तपासणारं पान उघडा. दहा पैकी दहा आले तर चहा प्या. नाही आले तर ऑपरेटरला फोन करा आणि स्वच्छ विचारा, "आमच्याकडे आयपीव्ही६ कधी देताय?" पहिला माणूस म्हणेल "सर, ते काय असतं?" हरकत नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला उत्तर मिळतं.

दिवाळीला गावी जाल तेव्हा घरचा राउटरही बघून या. १९८३ पासून आमच्या इथलं अमृतवाहिनी इंजिनिअर बाहेर पाठवतंय, बहुतेक जण पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात. त्यातल्या एखाद्या पोराला वाटलं की आपलं काहीतरी गावातूनच चालवावं, घरातल्या जुन्या पीसीवरून जगाला दाखवावं, तर त्याला परवानगी, भाडं आणि मधला दुकानदार यातलं काही लागू नये. इंटरनेटची मूळ कल्पना तीच होती, प्रत्येकाला आपला पत्ता. आपण ती सोय मिळूनही हाताने बंद करून बसलो, तर "द्वारा" वाल्यांचं फावणारच.

चेक करून खाली प्रतिसादात सांगा, कोणाच्या गावात मिळतंय, कोणाच्या नाही. चूभूद्याघ्या.